फोटोमास्क मागवताय? आधी काच ठरवा, मग कोटिंग (नवीन लोकांसाठी)

क्लीनरूममध्ये नव्याने आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, मास्क, म्हणजे ज्यातून डिझाइन छापतात ती प्लेट, सोडा लाइमच्या काचेवर करू की क्वार्ट्झच्या? आणि त्याला उत्तरही ठरलेलं मिळतं, बजेट असेल तर क्वार्ट्झ, नसेल तर सोडा लाइम. मला हे उत्तर अजिबात पटत नाही, कारण कित्येक कामांत सोडा लाइम नुसतं चालतंच असं नाही तर जास्त बरं पडतं, आणि काही कामांत ते वापरलं की महिनाभराची प्रोसेस वाया जाते, आणि या दोन्हीचा पैशाशी काही संबंध नसतो. हा लेख एमटेक-पीएचडीला असलेल्यांसाठी, मायक्रोफ्लुइडिक्स करणाऱ्यांसाठी, आणि आयएनयूपीमधून (बाहेरच्या संशोधकांना नॅनोफॅब्रिकेशनच्या लॅब वापरू देणारा सरकारी कार्यक्रम) आयआयटी मुंबई किंवा बंगळुरूच्या आयआयएससीत फॅब्रिकेशनला जाणार असलेल्यांसाठी आहे. म्हणजे मुख्यतः चार इंची वेफर (सिलिकॉनची चकती), मास्क अलाइनर (मास्क वेफरवर जुळवून प्रकाश टाकणारं मशीन) आणि आय-लाइनचा, म्हणजे ३६५ नॅनोमीटरचा दिवा, एवढंच जग धरून चाललोय. इंडस्ट्रीतल्या स्टेपरचे, म्हणजे वेफरवर तुकड्या-तुकड्याने छापणाऱ्या मशीनचे, मास्क शेवटी थोडक्यात.

मास्क म्हणजे काय हे एका वाक्यात: सपाट पारदर्शक काच, तिच्या एका बाजूला साधारण १०० नॅनोमीटर जाडीचा क्रोमियमचा थर, आणि त्या थरात कोरलेलं तुमचं डिझाइन. जिथे क्रोम नाही तिथून प्रकाश खाली वेफरवरच्या रेझिस्टवर, म्हणजे प्रकाशाने बदलणाऱ्या थरावर, पडतो. काच म्हणजे सबस्ट्रेट, क्रोम म्हणजे कोटिंग, आणि न कोरलेल्या कोऱ्या प्लेटला ब्लँक म्हणतात.

पायरी १: कॅटलॉग उघडायच्या आधी पाच गोष्टी कागदावर लिहा

एक्स्पोजर कुठल्या वेव्हलेंग्थला होणार, सगळ्यात बारीक रेघ किती, मास्क एकूण किती लेयरचे, एका लेयरचं पॅटर्न दुसऱ्यावर किती अचूक बसायला हवं, आणि वेफरच्या एका टोकाच्या डिव्हाइसपासून दुसऱ्या टोकाच्या डिव्हाइसपर्यंतचं अंतर किती. ही शेवटची गोष्ट बहुतेक जण लिहीतच नाहीत आणि खरं तर काच तिच्यावरच ठरते. दोन मायक्रॉनची रेघ पण सगळं पॅटर्न मधल्या एका सेंटिमीटरमध्ये, हे काम सोपं. वीस मायक्रॉनची रेघ पण ८० मिलिमीटरवर पसरलेली आणि चार लेयर एकमेकांवर दोन मायक्रॉनच्या आत बसवायचे, हे काम अवघड, रेघ दहापट जाड असूनसुद्धा.

पायरी २: प्रकाश काचेतून जातोय का बघा

मास्क अलाइनरमधल्या मर्क्युरी दिव्याच्या कामाच्या रेषा तीन, ४३६ नॅनोमीटरची जी-लाइन, ४०५ ची एच-लाइन आणि ३६५ ची आय-लाइन. सोडा लाइम म्हणजे खिडकीच्या काचेच्याच कुळातली काच, फक्त खूप सपाट आणि स्वच्छ. ३६५ ला तिच्यातून ८५ ते ९० टक्क्यांच्या आसपास प्रकाश जातो, पण ३५० च्या खाली आलात की ट्रान्समिशन घसरायला लागतं आणि ३०० च्या आसपास जवळपास संपतं. फ्यूज्ड सिलिका, ज्याला सगळे क्वार्ट्झच म्हणतात, ती २०० नॅनोमीटरच्याही खालपर्यंत पारदर्शक असते. तिथेही ९२-९३ टक्केच जातो कारण काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवर थोडा थोडा परावर्तित होतो, तो काचेचा दोष नाही.

म्हणजे डीप यूव्हीचं काही करायचं असेल, पीएमएमए हा रेझिस्ट २२०-२५० नॅनोमीटरला एक्स्पोज करायचं असेल किंवा २४८ चा लेझर असेल, तर विषय संपला, क्वार्ट्झच घ्या. आय-लाइन आणि त्याच्या वरच्या कामांना मात्र प्रकाशाच्या दृष्टीने सोडा लाइम व्यवस्थित चालतं, डोस (रेझिस्टला द्यायचा एकूण प्रकाश) थोडा वाढवावा लागतो इतकंच, आणि तो तुम्ही तसाही डोस टेस्ट करूनच ठरवता.

एसयू-८, म्हणजे प्रकाश पडला की कडक होणारा निगेटिव्ह रेझिस्ट, वापरणाऱ्यांनी तर इथे नीट लक्ष द्या. जाड एसयू-८ मध्ये ३५० च्या खालचा प्रकाश वरच्या थरातच शोषला जातो, वरचा भाग जास्त क्रॉसलिंक होतो आणि भिंती सरळ यायच्या ऐवजी वर रुंद खाली अरुंद अशा टी आकाराच्या येतात, मग त्या मोल्डमधून पीडीएमएस (सिलिकोन रबर) सोलताना चॅनेलच्या कडा फाटतात. यासाठी वेगळा लाँग-पास फिल्टर (कमी वेव्हलेंग्थ अडवणारा) लावतात आणि तो लावावाच, पण सोडा लाइमचा मास्क स्वतःच त्या दिशेने थोडी मदत करतो, क्वार्ट्झचा करत नाही. लॅबमध्ये फिल्टर नसेल आणि तुम्ही जास्त पैसे घालून क्वार्ट्झ मास्क आणलात तर भिंती आधीपेक्षा वाईट येऊ शकतात.

पायरी ३: तापमानाचं गणित स्वतः करा

हे गणित पाच मिनिटांचं आहे आणि कॅल्क्युलेटर घेऊन एकदा करून बघितलं की कायमचं डोक्यात बसतं. एका अंशाला, दर दहा लाख भागांमागे, म्हणजे पीपीएममध्ये, सोडा लाइम साधारण ९ ने प्रसरण पावते, बोरोसिलिकेट साधारण ३.३ ने, फ्यूज्ड सिलिका ०.५५ ने, आणि ज्यावर तुम्ही छापणार आहात ते सिलिकॉन २.६ ने.

आता समजा मास्क लिहिला गेला २१ अंशाला आणि तुमच्या लॅबचा एसी दमलाय म्हणून अलाइनरपाशी २६ अंश आहेत. ८० मिलिमीटर अंतर धरा. सोडा लाइमचा मास्क ९ गुणिले ५ गुणिले ८०, म्हणजे ३.६ मायक्रॉनने लांब झाला. क्वार्ट्झ फक्त ०.२ मायक्रॉनने. इथपर्यंत सगळे सांगतात आणि इथेच थांबतात, म्हणून क्वार्ट्झ भारी असं ठरून जातं. पण वेफरही त्याच खोलीत आहे ना, तोही १ मायक्रॉनने वाढलाय. तेव्हा खरा फरक मास्क आणि वेफर यांच्यातला बघायचा: सोडा लाइमला साधारण २.६ मायक्रॉन, क्वार्ट्झला ०.८ पण उलट्या बाजूने, आणि बोरोसिलिकेटला जेमतेम ०.३. सिलिकॉनच्या सगळ्यात जवळ वागणारी काच बोरोसिलिकेट आहे, आणि नेमकी तीच कुणी मागवत नाही! तिचे चांगले क्रोम ब्लँक मिळायला अवघड हे खरं कारण, पण मिळत असतील तर सिलिकॉनवरच्या मल्टिलेयर कामाला तिचा विचार जरूर करा. काचेच्या वेफरवर काम करत असाल तर त्या काचेचा आकडा घालून हेच गणित पुन्हा करायचं.

याच्याही पुढची गोष्ट म्हणजे, सगळ्या लेयरचे मास्क सोडा लाइमचे असतील आणि सगळे लेयर त्याच तापमानाला छापले गेले, तर सगळे मास्क सारखेच वाढतात आणि एकमेकांवर बिनचूक बसतात. डिझाइनपेक्षा सगळं थोड्याशा पीपीएमने मोठं छापलं गेलं, तर बहुतेक डिव्हाइसना त्याने काही फरक पडत नाही. घोटाळा होतो तो एक लेयर सकाळी २१ ला आणि दुसरा दुपारी एसी बंद पडल्यावर २५ ला छापला की, किंवा पहिला मास्क सोडा लाइमचा आणि तिसरा लेयर क्रिटिकल वाटला म्हणून तेवढा एकच क्वार्ट्झचा मागवला की. हे दुसरं तर मी सारखं बघतो, हेतू चांगला असतो पण एकाच सेटमध्ये दोन प्रकारच्या काचा मिसळल्या की मधे अलाइन झालेलं पॅटर्न कडेला सरकलेलं दिसतं, कितीही फिरवा, एका बाजूला बसवलं की दुसरी बाजू सुटते. थीटा (वेफर फिरवण्याचा कोन) चुकली असेल असं समजून लोक तास तास मायक्रोमीटर फिरवत बसतात. सेट एकाच काचेचा ठेवा, आणि मास्क बॉक्समधून काढल्यावर अलाइनरवर लावून जरा वेळ तापमान स्थिर होऊ द्या.

पायरी ४: आकार, जाडी, सपाटपणा

आकाराचा नियम सोपा, मास्क वेफरपेक्षा एक इंच मोठा, चार इंची वेफरला पाच इंची मास्क, म्हणजे १२७ मिलिमीटर. तो जास्तीचा इंच होल्डरच्या व्हॅक्यूमला लागतो, तिथे पॅटर्न काढू नका.

जाडी ०.०६० किंवा ०.०९० इंच, म्हणजे साधारण दीड आणि २.३ मिलिमीटर. पाच इंचीला शक्यतो ०.०९० घ्या, कारण चारी बाजूंनी धरलेली पातळ काच मधे वाकते आणि व्हॅक्यूम कॉन्टॅक्टला (व्हॅक्यूमने मास्क वेफरला घट्ट टेकवताना) आणखीनच. पण आधी तुमच्या अलाइनरचा होल्डर आणि त्याचं फोकस कुठली जाडी घेतं ते लॅबमधल्या टेक्निशियनना विचारून घ्या. ही माणसं रोज ते मशीन हाताळतात, त्यांना मॅन्युअलपेक्षा जास्त माहीत असतं.

सपाटपणाचा आकडा कोटेशनमध्ये कोपऱ्यात असतो आणि कुणी वाचत नाही, पण तो थेट रेझोल्यूशनमध्ये उतरतो. प्रॉक्सिमिटी प्रिंटिंगमध्ये (मास्क वेफरपासून थोडा वर ठेवून छापताना) सगळ्यात बारीक रेघ साधारण दीड गुणिले वर्गमूळ, आणि वर्गमुळाच्या आत वेव्हलेंग्थ गुणिले (मास्क-वेफरमधली फट अधिक रेझिस्टची अर्धी जाडी). आय-लाइन, एक मायक्रॉन रेझिस्ट आणि २० मायक्रॉन फट धरली तर ४ मायक्रॉनची रेघ मिळते, फट ५ वर आणली तर २ ची. म्हणजे काच पाच-दहा मायक्रॉनने वाकडी असेल तर मधे रेघा छान आणि कडेला फुगलेल्या असा प्रकार होणार, आणि दोष रेझिस्टला दिला जाणार. दहा मायक्रॉनच्या वरच्या रेघांना याचं फार टेन्शन नको.

पायरी ५: काच हवीच का?

फक्त एक लेयर, रेघा २५-३० मायक्रॉनच्या वर, डिझाइन दर आठवड्याला बदलतंय, असं असेल तर काचेच्या मास्कवर पैसे घालू नका. पीसीबीवाल्यांच्या फोटोप्लॉटरवर काढलेली पॉलिएस्टर फिल्म घ्या, साध्या काचेला टेपने चिकटवा आणि काम सुरू करा. मायक्रोफ्लुइडिक्सचे सुरुवातीचे चॅनेल असेच करावेत असं माझं स्पष्ट मत आहे. फिल्मची इमल्शनची बाजू रेझिस्टकडे हवी, नाहीतर फिल्मच्या जाडीएवढी फट आपोआप येते.

फिल्मला तापमानापेक्षा दमटपणाचा त्रास जास्त. पॉलिएस्टर आर्द्रतेच्या एका टक्क्याला साधारण १० पीपीएमने वाढतं, म्हणजे लॅबची आर्द्रता ४५ वरून ५५ वर गेली की ८० मिलिमीटरला ८ मायक्रॉन. मुंबईच्या जुलैत बाहेरून पाकिटात आलेली फिल्म लगेच लावून दुसऱ्या लेयरशी जुळवायचा प्रयत्न करून बघा म्हणजे कळेल. एक लेयर असेल तर हा प्रश्नच येत नाही. ऑफिसच्या लेझर प्रिंटरची ट्रान्सपरन्सी मात्र नको, तिच्यावरचा काळा भाग उजेडाकडे धरला की बारीक भोकांनी भरलेला दिसतो.

फिल्म आणि क्रोम यांच्या मधलं म्हणजे काचेवरचं सिल्व्हर इमल्शन. काच असल्यामुळे मापं टिकतात, पण वरचा थर जिलेटिनचा, काही मायक्रॉन जाड आणि मऊ, कॉन्टॅक्टमध्ये वेफरवरचा एक कण आला की कायमचा ओरखडा, आणि नीट धुताही येत नाही. सुरुवातीच्या काळात चिप्स अशाच कॉन्टॅक्टने छापायचे आणि मास्क भराभर बाद व्हायचे, म्हणून तर आधी क्रोमसारख्या कडक कोटिंगकडे आणि मग १९७३ च्या पर्किन-एल्मरच्या मायक्रलाइनसारख्या, मास्क वेफरला न टेकवता छापणाऱ्या मशीनकडे लोक वळले. आज इमल्शन प्लेट मी फक्त सॉफ्ट कॉन्टॅक्ट (हलकेच टेकवून) किंवा प्रॉक्सिमिटीच्या मोठ्या रेघांना सुचवेन.

पायरी ६: क्रोम घेताना काय बघायचं

दोन आकडे. पहिला ऑप्टिकल डेन्सिटी, ओडी. ओडी ३ म्हणजे हजारातला एक भाग प्रकाश गळतो, ओडी २ म्हणजे शंभरातला एक. पातळ पॉझिटिव्ह (प्रकाश पडलेला भाग निघून जाणाऱ्या) रेझिस्टला दोन्ही चालून जातील, पण जाड एसयू-८ ला तुम्ही ३०० मिलिज्यूलपर्यंत डोस देता तेव्हा ओडी २ वर झाकलेल्या भागालाही ३ मिलिज्यूल पोचतात, आणि निगेटिव्ह रेझिस्टमध्ये असा गळका प्रकाश डेव्हलप न होणारी साय सोडून जातो. तेव्हा ओडी ३ च्या खाली जाऊ नका.

दुसरा आकडा परावर्तनाचा. नुसतं क्रोम आरशासारखं असतं, पडलेल्या प्रकाशातला निम्म्याच्या आसपास परत फेकतं. आता प्रकाश मास्कच्या उघड्या भागातून खाली गेला, ॲल्युमिनियम चढवलेल्या वेफरवर आपटून ९० टक्के वर आला, क्रोमच्या खालच्या बाजूला आपटून त्यातला अर्धा पुन्हा खाली आला, आणि तोही अशा जागी जिथे तुम्हाला अंधार हवा होता. रेघांच्या कडा खाल्ल्यासारख्या दिसतात त्याचं एक कारण हे. यावर उपाय म्हणून क्रोमवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर देतात, त्याला अँटी-रिफ्लेक्टिव्ह किंवा लो-रिफ्लेक्टिव्हिटी क्रोम म्हणतात, त्याने परावर्तन १० टक्क्यांच्या आसपास येतं. हा थर ठरावीक वेव्हलेंग्थसाठी जुळवलेला असतो, म्हणून जी-लाइनसाठीचा आकडा आय-लाइनला तसाच लागू पडेल असं धरू नका, विचारा.

हातात मास्क आला की हे डोळ्यांनी ओळखता येतं. ग्लोव्ह घालून कडेने धरा, ट्यूबलाइटखाली तिरका करा. काचेच्या बाजूने बघितलं तर लख्ख आरसा, तुमचा चेहरा दिसेल, आणि उलटवलं की तोच भाग तपकिरी-काळपट. ती काळपट बाजू क्रोमची, ती वेफरकडे जाते. दोन्हीकडून आरसाच दिसला तर तुमच्याकडे साधं ब्राइट क्रोम आलंय. अलाइनरवर उलटा लावलेला मास्क हा प्रकार नवीन लोकांकडून इतका होतो की ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

क्रोमऐवजी आयर्न ऑक्साइडचंही कोटिंग असतं, पिवळट-नारिंगी दिसतं. यूव्ही अडवतं आणि दिसणारा प्रकाश बऱ्यापैकी जाऊ देतं, त्यामुळे मास्कमधून खालचा वेफर दिसतो आणि डार्क-फील्ड (बहुतेक भाग झाकलेल्या) मास्कचं अलाइनमेंट खूपच सोपं होतं. पण पुरवठा करणारे आता कमी, आणि ॲसिडला ते क्रोमसारखं टिकत नाही. नव्या माणसाने क्रोमच घ्यावं आणि डार्क-फील्ड मास्कमध्ये अलाइनमेंट मार्कभोवती एक-दोन मिलिमीटरच्या मोठ्या उघड्या खिडक्या ठेवाव्यात, काम भागतं.

पायरी ७: स्वतः ब्लँकवर लिहिणार असाल तर

लॅबमध्ये लेझर रायटर असेल तर रेझिस्ट चढवलेले तयार क्रोम ब्लँक मिळतात, बहुतेक वेळा एझेड १५०० प्रकारचा अर्ध्या मायक्रॉनचा पॉझिटिव्ह रेझिस्ट असतो. बॉक्सवरची तारीख बघा, पिवळ्या उजेडाबाहेर उघडू नका, आणि रायटरची वेव्हलेंग्थ त्या रेझिस्टला चालते का ते विचारा. ई-बीमने (इलेक्ट्रॉनच्या झोताने) लिहायचं तर रेझिस्ट वेगळा लागतो. नंतर क्रोम एच करायला (रसायनाने काढायला) सेरिक अमोनियम नायट्रेटचं द्रावण, १०० नॅनोमीटर क्रोम एखाद-दोन मिनिटांत जातं, उजेडाकडे धरलं की पारदर्शक झालेलं डोळ्यांना दिसतं. वेट एच बाजूनेही खातो, म्हणून एक मायक्रॉनच्या आसपासच्या रेघांना डिझाइनमध्येच थोडी भर घालावी लागते.

फॅबमधले मास्क

मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीसारख्या १८० नॅनोमीटरच्या लाइनवर काम गेलं की काचेचा प्रश्न उरतच नाही, तिथे क्वार्ट्झच. स्टेपर-स्कॅनरसाठी ६ इंची, पाव इंच जाड प्लेट हे ठरलेलं माप. १९३ नॅनोमीटरच्या बारीक लेयरना साध्या क्रोमऐवजी मॉलिब्डेनम सिलिसाइडचा थर वापरतात, तो मुद्दाम ६ टक्के प्रकाश जाऊ देतो पण त्याची फेज १८० अंशांनी उलटवून, त्यामुळे रेघेच्या कडेवर दोन्ही प्रकाश एकमेकांना मारतात आणि कड धारदार येते. ईयूव्हीत (एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट) तर १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश कुठलीच काच जाऊ देत नाही, म्हणून मास्क आरसा होतो, जवळपास शून्य प्रसरणाच्या काचेवर मॉलिब्डेनम आणि सिलिकॉनच्या ४० जोड्या, वर रुथेनियमचं झाकण आणि टँटलमच्या संयुगाचा शोषक थर. एवढं करून परावर्तन ७० टक्क्यांच्या खालीच.

पायरी ८: ऑर्डर आणि नंतरची निगा

ऑर्डरमध्ये हे स्पष्ट लिहा: काच, आकार, जाडी, सपाटपणा, क्रोमचा प्रकार आणि ओडी, सगळ्यात बारीक रेघ आणि तिचा टॉलरन्स, क्लियर-फील्ड की डार्क-फील्ड, आणि डिझाइन क्रोमच्या बाजूने बघताना सरळ दिसावं की उलटं. शेवटचं फोनवर बोलून नक्की करा, शक्य असेल तर डिझाइनमध्येच एका कोपऱ्यात लेयरचं नाव अक्षरांत टाका, अक्षरं उलटी दिसली की लगेच कळतं. ‘एक मायक्रॉन’ एवढंच लिहून टॉलरन्स न लिहिणारे खूप जण बघितलेत, मग ०.७ ची रेघ आली तरी भांडायला जागा राहत नाही.

मास्क आला की मायक्रोस्कोपखाली सगळ्यात बारीक रेघ मोजा, चारी कोपरे आणि मधली जागा बघा, पिनहोल दिसलं तर ते डिव्हाइसवर येतंय का ते तपासा. क्रोमचा मास्क ॲसिटोन, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), मग डीआय (आयन काढलेलं) पाणी, आणि नायट्रोजनने वाळवणं याला आरामात टिकतो. क्वार्ट्झवरचा असेल तर पिरान्हाही (सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण) चालतो, लॅबची परवानगी आणि सोबत अनुभवी माणूस असेल तरच. सोडा लाइमला गरम ॲसिड-अल्कलीत वारंवार घालू नका, काचेतला सोडियम बाहेर येऊन पृष्ठभाग धुरकट होतो. हायड्रोफ्लोरिकच्या आसपास कुठलीही काच नेऊ नका. कोरड्या कापडाने तर कधीच पुसू नका, ओरखड्यांचं सोडा, स्थिर विद्युत साठून क्रोमच्या दोन जवळच्या बेटांमध्ये ठिणगी पडते आणि मधल्या फटीत क्रोम वितळलेलं सापडतं, क्वार्ट्झवर हे जास्त होतं कारण तो उत्तम इन्सुलेटर आहे. आयोनायझर असेल तर नायट्रोजन मारताना तो सुरू ठेवा, आणि प्रत्येक मास्क वेगळ्या बॉक्समध्ये, वर तारीख, लेयर आणि काचेचा प्रकार लिहून ठेवा, म्हणजे दोन वर्षांनी एखाद्या लेयरचा नवा मास्क मागवायची वेळ आली तर जुना सेट कुठल्या काचेचा होता हे तुमच्या नंतर आलेल्यालाही कळेल.